बरं वाटणं आणि बरं होणं

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. पाचवीच्या वर्गाला दरवर्षी एक गोष्ट फळ्यावर लिहून समजावावी लागते. 'मला बरं वाटलं' आणि 'मी बरी झाले' ही दोन वाक्यं एक नाहीत. आमची मुलं घरी दखनी बोलतात. डोकं दुखायचं थोडं कमी झालं तरी 'आराम हुआ', आणि टायफॉईड पूर्ण उतरून पोरगं शाळेत आलं तरी 'आराम हुआ'. एकाच शब्दात दोन्ही. मराठीत तसं चालत नाही. झोप लागली, कोणी पाठीवरून हात फिरवला, की बरं वाटतं. बरं व्हायला मात्र आजार जावा लागतो.

मुलांचा हा फरक चुकला तर अर्धा मार्क जातो. आमच्या घरात हा फरक मी चुकवला, आणि त्याची किंमत माझ्या खालानं मोजली.

रेकीबद्दल हे लिहिते आहे ते बाहेर उभी राहून नव्हे. मी रेकीची पहिली पायरी शिकलेली आहे. चार-पाच वर्षांपूर्वी बोर्डाचे पेपर तपासायच्या दिवसांत माझी झोप उडाली होती. एका सहकारी बाईंनी त्यांच्या ओळखीच्या रेकीवाल्या ताईंकडे नेलं. स्वच्छ खोली, मंद दिवा, मी सतरंजीवर आडवी, आणि त्या बाई तासभर शांतपणे डोक्यावर, खांद्यावर, पोटावर हात ठेवून बसलेल्या. दुसऱ्याच बैठकीत मला तिथेच झोप लागली. वीस वर्षं संसार आणि नोकरी केल्यावर कोणीतरी एक तास फक्त माझ्यासाठी बसलं होतं. पुढं दोन दिवसांचा वर्ग करून मी प्रमाणपत्रही घेतलं.

आणि घरी येऊन खालाला म्हणाले, "खाला, मेरेकू पूरा आराम हुआ."

खाला अठ्ठावन्न वर्षांची, विधवा. तिच्या डाव्या छातीत गाठ होती. तिनं ती मुलाला सांगितली नाही, सुनेला नाही, मलाही नाही. सांगितली ती मी तिच्या घरी नेलेल्या त्या रेकीवाल्या ताईंना. त्या म्हणाल्या, तिथं ऊर्जा अडकली आहे, एकवीस दिवस करू, विरघळेल. एकवीस दिवस झाले. मग आणखी एकवीस. मग दूरून रेकी पाठवणं सुरू झालं. आम्ही विचारलं की खाला म्हणायची, "मेरेकू आराम है बेटी." ती खोटं बोलत नव्हती. तिला आराम होताच. बरं वाटत होतं. सात महिन्यांनी काखेतही गाठ आली आणि कपड्याला डाग दिसला, तेव्हा सुनेच्या लक्षात आलं.

आम्ही मिरजेत राहतो. १८९४ साली डॉ. विल्यम वान्लेस यांनी इथं दवाखाना सुरू केला, तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून, कोकणातून लोक इथं पेशंट घेऊन येतात. आमच्या गल्लीतून रिक्षानं दहा मिनिटांत मोठ्या डॉक्टरांपर्यंत पोचता येतं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून एकच प्रश्न विचारला, "इतके दिवस कुठं होता?" कोणाकडेच उत्तर नव्हतं. ऑपरेशन झालं, केमो झाली. दीड वर्षानं खाला गेली. आधी आली असती तर वाचलीच असती असं मी छातीठोक सांगणार नाही. डॉक्टरांनीही तसं सांगितलं नाही. पण सात महिने तिच्या हातचे होते आणि ते तिच्याकडून काढून घेतले गेले, एवढं मला ठाऊक आहे.

त्या ताई पुरशाला आल्या होत्या. खूप रडल्या. ते रडणं खरं होतं, म्हणून मी त्यांना लबाड म्हणत नाही. जाताना मात्र म्हणाल्या, "घरात निगेटिव्हिटी फार होती, म्हणून ऊर्जा पोचली नाही." म्हणजे गुन्हेगार आम्ही. हा लेख त्या एका वाक्यासाठी आहे.

रेकी देणाऱ्या सगळ्या बंधू-भगिनींना मला सांगायचं आहे की तुमचा हेतू चांगला आहे हे पुरेसं नाही. आमच्या ताईंचाही हेतू चांगलाच होता.

आधी, तुमचं खरं काय आहे ते बघू. रेकीचा जनक म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं ते मिकाओ उसुई जपानचे, १८६५ ते १९२६ या काळातले. क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर त्यांनी १९२२ साली एकवीस दिवस उपवास आणि ध्यान केलं, अशी परंपरेतली हकिकत. तुमचे ते 'एकवीस दिवस' तिथून आले. म्हणजे हा एका साधकाच्या उपवासाचा आकडा आहे. गाठ विरघळण्याचा कालावधी म्हणून तो कोणी मोजून ठरवलेला नाही. उसुईंनी पाच नियम दिले. फक्त आजच्या दिवसापुरतं रागावू नका, काळजी करू नका, कृतज्ञ राहा, आपलं काम मन लावून करा, सगळ्यांशी दयेनं वागा, असा त्यांचा आशय. कोणत्याही धर्माच्या माणसाला पटावेत असे आहेत. पण त्याच मजकुराच्या मथळ्यात हे सर्व रोगांवरचं औषध असल्याचा दावाही आहे. आपल्याकडच्या बहुतेकांनी पाच नियम भिंतीवर टांगले आणि धंदा मथळ्यावर चालवला.

हवाईत जन्मलेल्या हवायो टाकाटा यांनी १९३० च्या दशकात ही पद्धत जपानबाहेर नेली. मास्टर होण्यासाठी त्या दहा हजार डॉलर घेत. १९८० मध्ये त्या वारल्या, तोवर त्यांनी बावीस मास्टर तयार केले होते. अमेरिकेतल्या श्रोत्यांना त्या सांगत की उसुई ख्रिस्ती होते आणि क्योटोच्या दोशिशा विद्यापीठाचे प्रमुख होते. पुढं शोध घेणाऱ्यांना या गोष्टीला काही आधार सापडला नाही. ग्राहक बघून रेकीचा पोशाख बदलायची सवय अशी जुनी आहे.

आमच्या ताईही तेच करत. माझ्या खालाकडे त्या बिस्मिल्ला म्हणून सुरुवात करायच्या आणि रेकी म्हणजे 'नूर' असं सांगायच्या. शेजारच्या जोशीकाकूंना तीच रेकी 'प्राणशक्ती' होती. बँकेतल्या साहेबांपुढं ती 'क्वांटम एनर्जी' व्हायची. हात तेच, तास तोच, फी तीच, शब्द तीन. मी भाषेची शिक्षिका आहे, मला हे लगेच कळायला हवं होतं. जी गोष्ट प्रत्येक दारात वेगळ्या नावानं विकावी लागते, तिच्याबद्दल विकणाऱ्यालाच नीट माहिती नसते.

आता पुरावा. १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक साधा प्रयोग छापून आला. तो केला होता एमिली रोझा नावाच्या मुलीनं, वयाच्या नवव्या वर्षी, शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी. रेकीची सख्खी बहीण म्हणावी अशी 'थेरप्युटिक टच' नावाची पद्धत आहे. तीतही रुग्णाची ऊर्जा आपल्या हातांना जाणवते असा दावा असतो. एमिलीनं असे एकवीस उपचारक घेतले. मध्ये पुठ्ठ्याचा आडपडदा, त्याच्या भोकांतून उपचारकाचे दोन्ही तळवे बाहेर. ती आपला हात त्यातल्या एका तळव्याच्या जवळ धरायची आणि विचारायची, माझा हात कुठल्या बाजूला आहे? नाणं उडवून सांगितलं असतं तरी निम्मी उत्तरं बरोबर आली असती. २८० वेळा विचारलं, १२३ वेळा उत्तर बरोबर आलं. निम्म्याहूनही कमी. ऊर्जा बरी करते का हा प्रश्न बाजूलाच, ती जाणवते का हाच प्रश्न होता, आणि उत्तर नाही असं आलं. हा प्रयोग रेकीवाल्यांवर झालेला नाही, हे खरं. मग आपल्या मिरज-सांगलीतल्या रेकी मास्टरांनी पुठ्ठा आणून तो स्वतःवर करावा. खर्च वीस रुपये.

खुद्द रेकीवर अभ्यास झाले आहेत, पण लहान आणि कच्चे. सगळे एकत्र करून तपासणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा हेच लिहिलं आहे की कुठल्याही आजारावर ती उपयोगी पडते असं म्हणण्याइतका पुरावा नाही. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेत पूरक उपचारांसाठी वेगळं केंद्र आहे. त्याचंही म्हणणं हेच. "परदेशात हॉस्पिटलांत रेकी देतात" हे वाक्य तुम्ही ऐकवता. काही ठिकाणी देतात, बरोबर आहे. पण कशी? ऑपरेशन, केमो, औषधं सुरू असताना, त्यांच्या जोडीला, रुग्णाला जरा शांत वाटावं म्हणून. त्यांच्या जागी नव्हे. वाक्याचा हा दुसरा अर्धा भाग आपल्याकडे येता येता कुठं गळतो?

आपल्या देशात आयुष मंत्रालयाच्या यादीत आयुर्वेद आहे, योग आणि निसर्गोपचार आहे, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा, होमिओपॅथी आहे. रेकी नाही. युनानीची पदवी घ्यायला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं लागतात. मी बीएड केलं तेव्हा वर्षभर पाठ टाचणं काढली, सराव पाठ घेतले, मागच्या बाकावर बसून प्राध्यापक चुका लिहून घ्यायचे. तेव्हा कुठं मला चाळीस मुलांपुढं उभं राहायची परवानगी मिळाली. आणि इथं दोन शनिवार-रविवार करून माणूस 'मास्टर' होतो. आता तर दीक्षाही मोबाईलवरून मिळते. मास्तरकी इतकी स्वस्त कुठंच नसते.

इथवर वाचून आमचे काही मौलाना खूश झाले असतील. रेकी म्हणजे शिर्क, आम्ही आधीच सांगितलं होतं. जनाब, जरा थांबा. त्याच रस्त्यावर तावीज देणारे आमिल बसतात. 'बहात्तर आजारांवर हिजामा' अशा पाट्या आपल्याच लोकांनी लावल्या आहेत. पाणी दम करून कॅन्सर घालवण्याचे व्हिडिओ आपल्याच ग्रुपवर फिरतात. दुआ करणं वेगळं, दुआचं दुकान मांडणं वेगळं. प्रेषितांनी (स.) आजारी साहाबींना वैद्याकडे जायला सांगितल्याची उदाहरणं हदीसमध्ये आहेत. आणि अबू दाऊद यांच्या संग्रहातली एक हदीस तर प्रत्येक आमिलाच्या, हिजामावाल्याच्या आणि रेकीवाल्याच्या भिंतीवर हवी. तिचा आशय असा की वैद्यकी येते म्हणून ज्याची ओळख नाही, त्यानं इलाज केला तर नुकसानीला तो जबाबदार. जबाबदारसाठी तिथं जो अरबी शब्द आला आहे तो आहे 'ज़ामिन'. आपण मराठीत रोज वापरतो तोच जामीन. बँकेत दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहताना आपण दहा वेळा विचार करतो. दुसऱ्याच्या जिवाला जामीन राहताना एकदाही करू नये?

आता विवेकवादी मित्रांकडे वळते. तुम्ही रेकी ऐकली की हसता. हसा, पण बाया तिकडे का जातात तेही विचारा. खालाला परक्या पुरुष डॉक्टरापुढं छाती उघडी करायची नव्हती. रेकीवाल्या ताई बाई होत्या, घरी यायच्या, अंगावरचा एक कपडाही काढायला लावायच्या नाहीत. ओपीडीत केस पेपर काढून तीन तास बसल्यावर दोन मिनिटं मिळतात, त्यातही डॉक्टर मान वर करत नाहीत. ताई तासभर बसायच्या, नाव घेऊन बोलायच्या. शोहर गेल्यानंतर खालाला इतक्या मायेनं कोणी हात लावला नव्हता. ही भूक खरी आहे. ती भागवणारे हात आपण घरातल्यांनी द्यायला हवे होते, आणि छाती तपासणारी लेडी डॉक्टर कुठं बसते हे तिला आपण सांगायला हवं होतं. दोन्ही केलं नाही. ती जागा रिकामी होती म्हणून रेकी आत आली.

म्हणून रेकी बंद करा असं मी म्हणत नाही. मी आजही अम्मीचे पाय दुखले की हात ठेवून बसते. तिला झोप लागते. पण मी तिला सांगत नाही की माझ्या हातांतून काही वाहतं आहे. तिची बीपीची गोळी आधी, माझे हात नंतर. तुम्ही ही सेवा जरूर द्या. लोकांनी विश्वास ठेवावा असं वाटत असेल तर मात्र काही गोष्टी पाळा.

पहिला प्रश्न नेहमी हाच विचारा की डॉक्टरांना दाखवलं का. गाठ, न थांबणारा रक्तस्राव, छातीत कळ, एकाएकी घटलेलं वजन, फिट, यातलं काहीही कानावर आलं तर तुमचे हात मागे घ्या आणि माणसाला दवाखान्यात पाठवा. जमलं तर सोबत जा. तपासून आल्यावर शांत वाटण्यासाठी खुशाल बसवा. बाईनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट गावभर करू नका, पण तिच्या घरातल्या एका माणसाला तिनं ती सांगावी म्हणून तिच्या मागे लागा. आमच्या ताईंनी एवढं एक केलं असतं तरी पुरे होतं.

कोणाचंही औषध, इन्सुलिन, तपासणी कमी करायला किंवा पुढं ढकलायला सांगू नका. 'हळूहळू गोळ्या सुटतील' असंही नाही. हात लावण्याआधी विचारा, नको म्हटलं तर अंतरावरून करा. बायकांसाठी बाई असावी, आणि सोबत कोणी बसायचं म्हणालं तर बसू द्या. फी आधी सांगा, एका बैठकीची सांगा. एकवीस दिवसांचं पॅकेज विकू नका. भीतीत असलेला माणूस हिशेब करत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

पत्रकात, पाटीवर, स्टेटसवर लिहिताना क्रियापद तपासा. 'शांत वाटेल', 'विश्रांती मिळेल' इतकं तुम्ही लिहू शकता. 'बरा होईल' लिहू शकत नाही. हा माझा व्याकरणाचा हट्ट नाही. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्यानं कॅन्सर, मधुमेह यांसह चोपन्न आजार बरे करण्याच्या जाहिरातींना मनाई केली आहे, आणि मंत्र-तावीज-कवच अशा 'चमत्कारी' उपायांनाही त्यात धरलं आहे. पहिल्या गुन्ह्यालाच सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली आपल्या राज्यानं जादूटोणाविरोधी कायदा केला. त्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं गुन्हा ठरवलं आहे. खालाला साप चावला नव्हता. तिच्या बाबतीत कुठलं कलम लागतं ते वकील सांगतील. आम्ही तक्रार केली नाही. कशाच्या जोरावर करणार? ना पावती, ना नोंद, ना चिठ्ठी. डॉक्टर चुकला तर केस पेपर असतो, मेडिकल कौन्सिल असतं, ग्राहक न्यायालय असतं. तुमच्याविरुद्ध काय असतं? म्हणून शेवटची मागणी ही की वही ठेवा. कोण आलं, काय तक्रार होती, डॉक्टर कोण, तुम्ही काय सांगितलं, पुढं काय झालं. ज्यांना काहीच फरक पडला नाही त्यांचीही नोंद करा. फक्त 'मला आराम पडला' म्हणणाऱ्यांचे व्हिडिओ दाखवून विश्वास मिळवता येत नाही. माझाही असा एक व्हिडिओ त्या ताईंच्या मोबाईलमध्ये होता. दोन वेळा सांगून तो मी काढून टाकायला लावला.

आणि उपाय लागू पडला नाही तर रुग्णाला दोष देऊ नका. त्याचा विश्वास कमी, घरात निगेटिव्हिटी, मागच्या जन्माचं काही, नजर, यातलं काहीही नाही. सरळ म्हणा, 'हे माझ्या हातात नव्हतं.' एवढं म्हणायला जमत नसेल तर हात लावायला जाऊ नका.

मागच्या महिन्यात शाळेतल्या शिपाई मावशी माझ्याकडे आल्या. "मॅडम, तुम्हाला रेकी येते ना, माझा गुडघा बघा." मी त्यांना आधी हाडांच्या डॉक्टरकडे नेलं, फोटो काढला, गोळ्या-व्यायाम सुरू झाले. मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये अर्धा तास गुडघ्यावर हात ठेवून बसले. मावशी म्हणाल्या, "झालं बरं, मॅडम." मी म्हणाले, "झालं नाही मावशी, वाटलं. गोळी विसरू नका."

त्या ताई अजून याच गावात आहेत, आणि मला कळतं त्याप्रमाणे काम जोरात आहे. हे वाचत असतील तर त्यांना सांगते, मी तुमच्याकडे माणसं पाठवायला आजही तयार आहे. तुमच्या दारावरची 'सर्व आजारांवर उपाय' ही पाटी उतरवा, आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला पहिल्यांदा विचारा, डॉक्टरांना दाखवलं का. पाटी उतरली की मला फोन करा. पहिलं पेशंट मीच घेऊन येईन.